दुसऱ्या भागातली आई

डिसेंबर लागला की अकोल्यात चौकाचौकात संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. हातगाड्यांवर, टेम्पोच्या फाळक्यावर, कुठे नुसत्या ताडपत्रीवर. थंडीची उन्हं त्यांच्यावर पडली की रस्त्याची ती कड पेटल्यासारखी वाटते. यंदाचा पहिला ढीग दिसला आणि मला भर रस्त्यात हसू फुटलं. गाडीवाला म्हणाला, "कावून हसता मॅडम? गोड आयेत, खाऊन तं पाहा."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, की मागच्या थंडीत याच्या चौपट मोठ्या ढिगात मी स्कूटीसकट घुसले होते, आणि तेही कॅमेऱ्यासमोर.

मी भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. त्यामागची गोष्ट काही फार रंजक नाही, म्हणून सोडून देते. धाकटा भाऊ संजय आणि त्याची बायको खाली राहतात, मी वरच्या खोलीत. आणि तरीही अकोला-अमरावतीतले कितीतरी लोक मला 'चिमीची आई' म्हणून ओळखतात. बँकेच्या रांगेत, भाजीबाजारात, एकदा तर दाताच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही त्या चिमीच्या आई ना?" मी 'आ' करूनच मान हलवली.

ती चिमी सिनेमातली. निखिल नावाच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं अमरावतीत पहिला सिनेमा काढला होता. दोन भावंडांची एक उन्हाळ्याची सुटी, एवढीच त्याची गोष्ट. आईचं काम करणारी नटी ऐन वेळी आली नाही, तेव्हा निखिल अकोल्याला येऊन म्हणाला, "मॅडम, दोनच दिवसांचं काम आहे, पोळ्या लाटायच्या आणि मुलांवर ओरडायचं." ओरडणं मला येत होतं. दोन दिवसांची अख्खी सुटी झाली. सिनेमा टॉकीजमध्ये फार चालला नाही. पण नंतर तो मोबाइलवर आला आणि घराघरात पोचला.

त्यात चिमी झालेली मिसबाह तेव्हा नऊ वर्षांची होती. अमरावतीत तिच्या अब्बूंचं गादी-रजईचं दुकान. गोलू झालेला पार्थ अमरावतीजवळच्या भातकुलीचा, सात वर्षांचा, सदा भुकेला. मिसबाहची अम्मी, रेहाना भाभी, रोज तिच्यासोबत यायच्या आणि माझ्या आईपणावर बारीक लक्ष ठेवून असायच्या. "मॅडम, चोटी ऐसे नई बांधते, उसके बाल खिंचते." "मॅडम, बुखार हाथ से नई, गाल से देखते." मी शिकत गेले. मुलीच्या कपाळाला गाल टेकवून ताप बघायचा असतो, हे मला एका सिनेमामुळे कळलं. कॅमेरा चालू असेल तेव्हा मिसबाह मला आई म्हणायची, बंद झाला की मॅडम. पण मुलंच ती. चार-आठ दिवसांत दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आणि मी 'आईमॅडम' झाले, ती आजतागायत.

शिक्षकाच्या नोकरीत एक गंमत असते. आपण म्हातारे होत जातो, पण समोरचा वर्ग कधीच मोठा होत नाही. दहावी 'ब' म्हणजे कायम पंधरा वर्षांची मुलं. यंदाची गेली की पुढच्या वर्षी पुन्हा पंधराचीच येऊन बसतात, त्याच खिडकीशी, तशाच कुजबुजत. त्यामुळे मुलं मोठी होतात हे मला माहीत होतं, पण ते पाहिलेलं नव्हतं.

मागच्या दिवाळीच्या सुटीत निखिलचा फोन आला. "मॅडम, दुसरा भाग करून राहिलो. चिमी आणि गोलू मोठे झाले, त्यांची गोष्ट." मी इतकी खूश झाले की खाली जाऊन संजयला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, या वयात पुन्हा नाटकं?" मी म्हटलं, "सिनेमा आहे, नाटक नाही."

पुढच्या आठवड्यात निखिलचा पुन्हा फोन. आवाज पडलेला. "मिसबाह नाही म्हणते. निर्माते म्हणतात, दुसरी पोरगी घ्या." दुसरी पोरगी! मी पटकन म्हणाले, "मग आईही दुसरी घे." बोलून गेल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि ऑटो करून थेट अमरावतीला गादीच्या दुकानात गेले. थंडी सुरू झाली की दुकानात कापसाचे डोंगर असतात. एका डोंगराआड मिसबाह रजईला टाके घालत बसली होती. उंच झालेली, केस आखूड कापलेले, नाकावर चष्मा. मला पाहून उठली, मिठी मारली आणि लगेच बाजूला होऊन म्हणाली,

"तुमी मले मनवाले आल्या ना?"

"हो."

"निखिलदादानं पाठवलं?"

"त्यानं नसतं पाठवलं तरी आले असते."

ती पुन्हा बसली, सुई हातात घेतली. "तुमाले मी चहा पाजीन, गिला वडा खाऊ घालीन. पण सिनेमा नाई."

"कावून नाही, ते तरी सांग." वऱ्हाडी 'कावून' माझ्या तोंडून निघाला तशी ती थोडी हसली. मग बोलायला लागली, आणि मग थांबेना.

पहिल्या सिनेमात चिमीचं एक वाक्य होतं. कंबरेवर हात ठेवून ती आईला सांगते, "मी लहानी आहो, मले काम नोका सांगू!" ते वाक्य गावभर झालं. "किराण्याच्या दुकानात जाते तं तो दुकानवाला म्हणते, चिमी, म्हण ना ते. कॉलेजात ओरल होती, सर म्हणाले, आधी ते म्हणून दाखव. मामूच्या निकाहात मले स्टेजवर चढवलं अन् म्हणवलं. अठरा वर्साची झाली मी आईमॅडम! मतदान करून आली! अन् लोकायसाठी अजून 'मी लहानी आहो' म्हणून रायली."

तिनं मोबाइल काढला, निखिलनं पाठवलेली गोष्ट उघडली. "अन् हे पाहा. दुसऱ्या भागातबी चिमी भावासंगं भांडते, भिंतीवरून उड्या मारते, तेच वाक्य चार वेळा म्हणते. फक्त चिमीचे कपडे मोठे झाले, चिमी नाई. अन् तुमी?"

"मी काय?"

"तुमी पयल्या भागात पोळ्या लाटत होत्या, दुसऱ्यातबी पोळ्याच लाटून रायल्या. गोलू मोठा झाला, बाबाचे केस पांढरे झाले. आई तशीच. आई मोठी होत नसते का?"

मशीनवर खोळ शिवत असलेल्या रेहाना भाभींनी पाय थांबवला. "बराबर बोल रई मेरी बेटी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मशीन सुरू केली.

मला वाटत होतं, मी एका हट्टी पोरीला समजवायला आले आहे. तिथे कापसाच्या ढिगाशेजारी बसून कळलं, की ही पोरगी माझ्याविषयीही बोलते आहे. पोळ्या लाटायचं सोडा, मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि रोज सकाळी संजयच्या मोटरसायकलवर मागे बसून शाळेत जात होते. त्याला उशीर झाला की मला उशीर. त्यानं हॉर्न दिला की मी जिना उतरायची. कधी हे विचित्र वाटलं नव्हतं, कारण ते असंच चालत आलेलं होतं.

मी तिथूनच निखिलला फोन लावला. "उद्या अमरावतीला ये. गोष्ट बदलायची आहे."

"मॅडम, स्क्रिप्ट तर फायनल झाली."

"भूगोलाचं पुस्तकसुद्धा बदलतं. ये."

तो आला. ज्या आवाजाला आठवीत घाबरायचा, त्या आवाजाला अजून घाबरत होता. दुकानातच बैठक बसली. मिसबाह बोलत होती, निखिल लिहून घेत होता आणि त्याच्या विरळ झालेल्या केसांत कापूस अडकत होता. सुरुवातीला तो वाद घालत होता. दुपारपर्यंत तो फक्त विचारत होता, "मग? मग पुढे काय?" चिमीचं ते वाक्य राहिलं, पण एकदाच. एक पाहुणा तिला म्हणायला लावतो आणि ती शांतपणे म्हणते, "मी मोठी झाली काका. आता तुमी मले काम सांगा."

मग ती माझ्याकडे वळली. "आईमॅडम, तुमाले काय येत नाई?"

"पोहणं. आणि गाडी चालवणं."

"पोहणं थंडीत नको," निखिल घाईनं म्हणाला.

असं ठरलं, की दुसऱ्या भागातली आई स्कूटी शिकणार. खरोखरची शिकणार, कारण निखिलचं म्हणणं होतं, की शिकलेल्या बाईला न शिकल्याचं सोंग करता येतं, पण न शिकलेल्या बाईला शिकल्याचं सोंग करता येत नाही. अकोल्यात हे कळल्यावर संजय संतापला. "हातपाय मोडून घेशील ताई. मी सोडतो ना तुले रोज?" त्याची काळजी खरी होती. मी त्याला म्हटलं, "सोडतोस. पण घ्यायला कधी यायचं तेही तूच ठरवतोस."

तो दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन माझ्यासाठी हेल्मेट घेऊन आला. लाल रंगाचं.

शाळेत बिनपगारी रजा टाकून ती थंडी मी अमरावतीत काढली. शूटिंगसाठी भाड्यानं घेतलेलं घर वडाळीकडे होतं आणि मागे मोठं मैदान. सकाळी धुकं असायचं, मैदानावर दोन-चार म्हातारे फिरत असायचे, आणि त्यांच्यामधून आमची वरात. पुढे मी हँडल घट्ट धरून, मागे मिसबाह बसलेली, आणि सर्वांत मागे पार्थ, कॅरिअर धरून धावणारा. पार्थ आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला होता. आवाज फुटलेला. ओठावर चार केसांची मिशी होती आणि ती काढायला तो काही केल्या तयार नव्हता. निखिल हात जोडायचा, "अरे, पहिल्या दिवशीच्या शॉटमध्ये मिशी नाही!" तो म्हणायचा, "मंग लिहा ना, का गोलूले मिशी आली." शेवटी तेही लिहिलं.

"आईमॅडम, चाकाकडे पाहू नोका, समोर पाहा," पार्थ ओरडायचा.

"समोर झाड आहे रे!"

"म्हणून तं म्हणतो, पाहा!"

फिरायला येणारे म्हातारे आधी लांबून जायचे. मग थांबून सल्ले द्यायला लागले. एक जण रोज विचारायचा, "आज किती पडल्या?" ज्या दिवशी मी एकदाही न पडता मैदानाची चक्कर पूर्ण केली, त्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या. पार्थ मागून धावत येत होता आणि मला वाटत होतं त्यानं धरलं आहे. वळून पाहिलं तर तो अर्ध्या मैदानावर कंबरेवर हात ठेवून उभा, हसतो आहे. सायकल शिकताना मुलांच्या बाबतीत असं होतं म्हणतात. माझ्या बाबतीत ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झालं.

आणि मग शेंदूरजनाघाट, संत्र्यांच्या बागांचं गाव. आंबिया बहाराची संत्री उतरवणं चालू होतं. बागांच्या कडेला संत्र्यांचे ढीग, बायका बसून लहान-मोठी वेगळी करत होत्या, हवेत सालीचा तो झोंबरा, गोड वास. शॉट साधा होता. आई स्कूटीवरून ढिगाच्या बाजूनं जाते, चिमी मागे बसून हसते. मी नीट निघाले. निवडणाऱ्या बायकांपैकी एकीनं हात हलवला. मीही हात हलवला. आणि हात हलवायचा तर तो हँडलवरून काढावा लागतो, हे मी विसरले.

स्कूटी ढिगात, मी ढिगात, मिसबाह माझ्यावर. संत्री गडगडत रस्त्यापलीकडे. मग ती हात हलवणारी बाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "अव माय, चांगली जागा पाहून पडल्या बाई तुमी!" आणि सगळी बाग हसायला लागली. निखिल 'कट' म्हणायला विसरला होता. हसता हसता मिसबाहनं एक संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं. ते तसंच सिनेमात आहे.

त्याच दिवशी परतताना गाडीत मिसबाहनं मला हळूच सांगितलं. तिला पुण्याला जायचं होतं. सिनेमाच्या गोष्टी लिहायला शिकवतात, तिथे. निखिलच्या सांगण्यावरून तिनं दुकानात बसून लिहिलेले प्रसंग पाठवले होते, आणि तिची निवड झाली होती. अब्बू म्हणाले होते, अम्मीला विचार. अम्मी म्हणाली होती, नाही.

"भाभींना मी सांगू?" मी विचारलं.

"नोका. तुमी सांगितलं तं ती तुमाले हो म्हणेल. तिनं मले हो म्हणाले पायजे."

नऊ वर्षांपूर्वी या मुलीला वेणी घालताना केस ओढले जातात म्हणून रडायला यायचं.

शेवटी उरला तो निरोपाचा प्रसंग. चिमी शिकायला बाहेरगावी जाते आणि आई तिला स्वतःच्या स्कूटीवर एसटीच्या थांब्यापर्यंत सोडते. बडनेरा रस्त्याच्या एका फाट्यावर शूटिंग होतं. रेहाना भाभी दुकान बंद करून आल्या होत्या, झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पहिल्या वेळी स्कूटी बंद पडली. दुसऱ्या वेळी मागून म्हशी आल्या. मग एसटीच्या ड्रायव्हरला, जो खराच ड्रायव्हर होता, थांबायचं कुठे ते समजेना. मग ढग आला आणि ऊन गेलं. मग मीच रडायला लागले, आणि निखिल म्हणाला, "मॅडम, आईनं आत्ता रडायचं नाही, एसटी गेल्यावर." दर वेळी मिसबाह बॅग उचलायची, म्हणायची, "येते आई," एसटीत चढायची. एसटी पुढच्या वळणापर्यंत जायची. आणि मग उलटी यायची. मिसबाह खाली उतरायची, बॅग ओढत परत जागेवर. दिवस असाच गेला.

उन्हं कलली तेव्हा निखिल समाधानानं म्हणाला, "झालं." मी जाऊन भाभींच्या शेजारी बसले. त्यांनी ओढणीच्या टोकानं डोळे पुसले, पण चेहरा हसरा होता.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "सुबू से मेरी बेटी कितनी बार गई. और हर बार वापस आ गई."

मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

त्यांनी लांबून हाक मारली, "मिसबाह! इधर आ." ती आली, धुळीनं माखलेली. भाभींनी तिचा चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत तिच्या नाकावर ठेवला. "पुना में ठंड कित्ती रहती? रजई भारी वाली देती मैं."

एवढंच. मिसबाह तिथेच खाली बसली, अम्मीच्या मांडीत तोंड खुपसून. पार्थ कुठून तरी वडे घेऊन आला आणि सगळ्यांना रडताना पाहून म्हणाला, "सीन तं झाला ना? मंग कावून रडून रायले?" आणि वडे वाटायला लागला.

सिनेमा श्रावणात लागला. मिसबाह पुण्याहून आली होती. अमरावतीच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ, आम्ही सगळे एका रांगेत, अकोल्याहून संजय आणि त्याची बायकोसुद्धा. पडद्यावर गोलूची मिशी आली तेव्हा भातकुलीचे पोट्टे शिट्ट्या मारून वेडे झाले. मी ढिगात घुसले तेव्हा सगळ्यात मोठ्यानं संजय हसला. आणि आई मुलीला सोडून एकटीच स्कूटीवर घरी परतते, समोर पाहत, तो लांब शॉट सुरू झाला. मी अंधारात इकडेतिकडे पाहिलं. कितीतरी बायका एकटक त्या रस्त्याकडे पाहत होत्या. पडद्यावर मी आहे हे मी विसरले. मलाही त्या बाईचा हेवा वाटला.

पहिल्या भागात आपण असतो, तेव्हा तो पहिला आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. आपण समजतो, हीच गोष्ट. माझ्या वयाच्या किती बायका मी ओळखते, ज्यांनी मनातल्या मनात 'समाप्त' लिहून टाकलं आहे आणि आता फक्त दिवे लागायची वाट पाहत आहेत. मीही त्यातलीच होते. एका अठरा वर्षांच्या पोरीला आपलं मोठं होणं अडवल्याचा राग आला, आणि तिच्या रागात माझीही सोय झाली.

खेळ सुटला. बाहेर लोकांनी मिसबाहला गराडा घातला. एका काकांनी म्हटलं, "चिमी, म्हण ना ते." ती म्हणाली, "मी मोठी झाली काका. आता तुमी मले काम सांगा." काका इतके खूश झाले, की त्यांना काय काम सांगावं तेच सुचेना.

त्या गर्दीत रेहाना भाभींनी माझा हात धरून मला बाजूला नेलं, पोस्टरच्या मागे. आम्ही इतकी वर्षं एकमेकींशी बोलत होतो, त्या त्यांच्या हिंदीत, मी माझ्या मराठीत. त्या दिवशी त्या इकडेतिकडे पाहून, लाजून, सरळ मराठीत म्हणाल्या,

"मॅडम, मले बी शिकवता का?"

आता दर रविवारी मी अमरावतीला जाते. वडाळीच्या मैदानावर धुकं असतं, म्हातारे असतात. भाभी पुढे, मी मागे कॅरिअर धरून धावते. त्या ओरडतात, "छोडना नई हां मॅडम!" मी म्हणते, "नाही सोडत, समोर पाहा." मागच्या रविवारी अर्ध्या मैदानात मी थांबले, दम लागला होता. भाभी तशाच पुढे गेल्या, ओढणी वाऱ्यावर, तोंडानं अजून बजावत, "छोडना नई, छोडना नई..."

मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले आणि त्यांना काही सांगितलं नाही.